सहीमागचा विश्वास : भारतीय सनदी लेखापाल संस्थेची वाटचाल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कोणत्याही सार्वजनिक ट्रस्टच्या वार्षिक सभेत एक प्रसंग ठरलेला असतो. कोषाध्यक्ष उभे राहतात, जमाखर्च आणि ताळेबंद वाचून दाखवतात, सभासदांपैकी कोणीतरी सूचक होतो, कोणीतरी अनुमोदन देतो आणि टाळ्यांच्या गजरात हिशेब मंजूर होतात. त्या ताळेबंदाच्या तळाशी हिशेब तपासनिसाची सही आणि शिक्का असतो. तो सहसा कोणी वाचत नाही. तथापि संपूर्ण सभा त्या सहीच्या भरवशावरच निश्चिंत बसलेली असते. दान देणाऱ्याने दिलेला रुपया योग्य कारणी लागला, याची ग्वाही देणारा तो त्रयस्थ माणूस असतो.

त्या सहीला हे मोल कोठून आले? एका व्यक्तीच्या हस्ताक्षरावर अनोळखी माणसांनी विश्वास का ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास भारतातील सनदी लेखापालांच्या संस्थेचा, म्हणजेच ‘दि इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया’ या संस्थेचा इतिहास समोर येतो. आपल्या समाजातील कित्येक घरांत आज एक तरी सी. ए. आहे किंवा सी. ए. होऊ पाहणारा विद्यार्थी आहे. ज्या पदवीसाठी ही मुले-मुली ऐन तारुण्यातील वर्षे खर्ची घालतात, ती पदवी कशी निर्माण झाली, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पेढीपासून कंपनीपर्यंत

व्यापारी समाजाला हिशेब नवा नाही. रोजमेळ, खतावणी, जमा आणि नावे हे शब्द पेढीवर बसणाऱ्या मुलाच्या कानावर बालपणीच पडत. दिवाळीला वहीपूजन होई आणि नव्या वर्षाचा पहिला आकडा शुभमुहूर्तावर मांडला जाई. पेढीचा हिशेब मालकाच्या डोळ्यांसमोर लिहिला जात असे. भांडवल त्याचे, जोखीम त्याची आणि वहीही त्याचीच. त्यामुळे बाहेरच्या माणसाने येऊन ती तपासावी, अशी गरज नव्हती.

ही गरज उत्पन्न झाली ती संयुक्त भांडवलाच्या कंपन्यांमुळे. भांडवल शेकडो लोकांचे आणि कारभार मोजक्या संचालकांचा, अशी नवी रचना अस्तित्वात आली. भारतात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० मध्ये झाला आणि १८५७ च्या कायद्याने भागधारकांची जबाबदारी मर्यादित करण्याची सोय झाली. याच काळात मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी केली. गिरण्या, बँका आणि जहाज कंपन्या यांच्या भागांची खरेदी-विक्री वडाच्या झाडाखाली होऊ लागली.

पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला, हिंदुस्थानी कापसाचे भाव गगनाला भिडले आणि मुंबईत अक्षरशः सोन्याचा ओघ सुरू झाला. त्या पैशावर रोज नवी कंपनी निघू लागली. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे भाग मूळ किमतीच्या कितीतरी पटीने विकले जाऊ लागले. त्या कंपन्यांच्या वह्यांत प्रत्यक्ष काय आहे, हे पाहणारा त्रयस्थ जाणकार मात्र जवळजवळ कोठेच नव्हता. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ या दिवशी मुदत भरलेले शेकडो वायदे पुरे करण्यास कोणीच समर्थ उरला नाही. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. ज्यांच्या शब्दावर बाजार हलत असे, त्या शेठ प्रेमचंद रायचंद यांनाही प्रचंड फटका बसला. भागांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे डबघाईस आली आणि अखेर बंद करावी लागली. सरकारने चौकशी आयोग नेमला.

मुंबईच्या व्यापारी जगताने शिकलेला हा फार महागडा धडा होता. कापडाच्या धंद्यात गजच खोटा निघाला तर ताका कितीही उत्तम असला तरी सौदा बिघडतो. कंपनीच्या धंद्यात हिशेब हाच गज होय. तो खरा आहे, हे सांगणारा माणूस विकणाऱ्याचाही नको आणि घेणाऱ्याचाही नको.

परक्यांच्या शिक्क्याची सत्ता

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये असा वर्ग याच सुमारास आकारास येत होता. एडिंबरा येथील लेखापालांच्या संस्थेला १८५४ मध्ये राजसनद मिळाली, ग्लासगोच्या संस्थेला १८५५ मध्ये आणि इंग्लंड व वेल्सच्या संस्थेला १८८० मध्ये. सनद धारण करणारा तो ‘चार्टर्ड’, ही संज्ञा तेथूनच आली. हिंदुस्थानातील मोठ्या कंपन्यांचे हिशेब बहुधा या विलायती संस्थांचे सदस्यच तपासत. ज्याला येथे या व्यवसायात वर यायचे असेल, त्याने बोटीने विलायतेस जावे, तेथे उमेदवारी करावी आणि तेथील परीक्षा द्यावी. हा खर्च किती कुटुंबांना झेपणार?

१९१३ च्या कंपनी कायद्याने परिस्थिती बदलण्यास आरंभ झाला. हिशेब तपासनीस पात्र असला पाहिजे आणि त्याच्याकडे सरकारी प्रमाणपत्र असले पाहिजे, असे प्रथमच ठरले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स सुरू झाले. वाणिज्य शिक्षणासाठी वाहिलेले ते आशिया खंडातील पहिले महाविद्यालय मानले जाते. १९१८ मध्ये मुंबई सरकारने ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ ही परीक्षा सुरू केली. संक्षेपाने तिला जी. डी. ए. म्हणत. मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करायची, परीक्षा उत्तीर्ण व्हायची आणि मग स्वतंत्र व्यवसाय करायचा, असा हा क्रम होता. हिंदुस्थानी तरुणाला स्वतःच्या शहरात राहून हिशेब तपासनीस होण्याचा मार्ग अशा रीतीने मुंबईतच मोकळा झाला.

तरीही अधिकार सरकारच्याच हाती होता. काही प्रमाणपत्रे एका प्रांतापुरती मर्यादित असत, तर काही संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात चालत. विलायती संस्थांच्या सदस्यांना मात्र येथे सहज मान्यता होती. १९३२ च्या नियमांनुसार मध्यवर्ती सरकारने लेखापालांची नोंदवही ठेवली आणि सल्ला देण्यासाठी भारतीय लेखा मंडळ नेमले. त्या नोंदवहीत नाव असणारा ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ म्हणवला जाई. त्याच्या पात्रतेला हिंदुस्थानात किंमत होती. साहेबाच्या देशात मात्र तिला कोणी ओळखत नव्हते.

याच कालखंडातील एक हकीकत विशेष स्मरणीय आहे. मद्रासच्या आर. शिवभोगम या तरुणीने स्वातंत्र्यलढ्यात भाग घेऊन कारावास भोगला होता. सुटून आल्यावर त्या १९३३ मध्ये जी. डी. ए. उत्तीर्ण झाल्या. भारतातील पहिल्या महिला लेखापाल म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. परंतु तुरुंगात गेलेल्या व्यक्तीची नोंदणी करता येणार नाही, असा नियम आडवा आला. शिवभोगम स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि आपला अधिकार मिळवला. १९३७ मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे १९५५ ते १९५८ या काळात संस्थेच्या दक्षिण विभागीय परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. इंग्लंड व वेल्सच्या संस्थेला आपली पहिली महिला सदस्य घेण्यास १९२० साल उजाडावे लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे शिवभोगम यांच्या जिद्दीचे महत्त्व अधिकच जाणवते.

१ जुलै १९४९

स्वातंत्र्यानंतर या व्यवसायाची धुरा कोणाकडे असावी, हा प्रश्न ऐरणीवर आला. तज्ज्ञ समितीने विचार केला आणि व्यवसायाने स्वतःचे नियमन स्वतः करावे, हे तत्त्व स्वीकारले गेले. संविधान लागू होण्यापूर्वीच, संविधान सभा विधिमंडळ म्हणून काम करीत असताना, चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियम संमत झाला आणि १ जुलै १९४९ पासून अमलात आला. ज्या तारखेला १८६५ मध्ये मुंबईचा बाजार कोसळला होता, नेमकी तीच तारीख होती. हा निव्वळ योगायोग असला तरी विसरावा असा नाही.

नावाचाही विचार त्या वेळी झाला. भारतीय संस्थेला राजाची सनद नव्हती. मग ‘चार्टर्ड’ हे परके विशेषण का घ्यावे, असा आक्षेप येणे स्वाभाविक होते. परंतु ज्या नावाला जगाच्या बाजारात पत आहे, ते नाव आपल्या तरुणांना का मिळू नये, हा विचार प्रभावी ठरला. मराठीत ‘सनदी लेखापाल’ हा शब्द रूढ झाला. येथील सनद जनतेच्या प्रतिनिधींनी कायदा करून दिलेली आहे.

या कायद्यात परस्परतेचे कलमही घालण्यात आले. जो देश भारतीय लेखापालाला भेदभावाने वागवील, त्या देशाच्या नागरिकाला भारतीय संस्थेचे सदस्यत्व नाकारता येईल, असा त्याचा आशय होता. ज्या पिढीने आपल्या पात्रतेची उपेक्षा सोसली होती, तिचा स्वाभिमान या कलमात दिसतो.

मुंबईचे जी. पी. कापडिया हे संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५२ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. बोधचिन्हात गरुड आणि कठोपनिषदातील वचन आले. हे वचन श्रीअरविंदांनी सुचवले होते. इतर सर्व निद्राधीन असताना जो जागा राहतो, त्याचा निर्देश त्या वचनात आहे. हिशेब तपासनिसाच्या कर्तव्याचे याहून समर्पक वर्णन क्वचितच सापडेल.

आरंभी संस्थेचे सदस्य जेमतेम सतराशे होते. दिल्लीत मुख्य कार्यालय आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता, कानपूर व दिल्ली येथे विभागीय परिषदा, अशी रचना पुढे स्थिरावली. १९५६ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांच्या हिशेब तपासणीचे काम सनदी लेखापालांकडे सोपवले. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने मंदिरे, पाठशाळा, धर्मशाळा आणि रुग्णालये चालवणाऱ्या ट्रस्टांना वार्षिक हिशेब तपासणी लागू केली आणि ते हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आणले. १९८४ मध्ये प्राप्तिकर कायद्यात कलम ४४ एबी आले आणि ४० लाखांहून अधिक उलाढाल करणाऱ्या व्यापाऱ्याला हिशेब तपासून घेणे बंधनकारक झाले. तोपर्यंत कंपनीच्या कचेरीत दिसणारा सी. ए. त्या वर्षापासून बाजारपेठेतील प्रत्येक मध्यम दुकानाच्या पेढीवर येऊन बसला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा तर लहानातील लहान व्यापाऱ्यालाही त्याचा सल्ला घ्यावा लागला.

उमेदवारीची परंपरा

या वाढीचे खरे रहस्य उमेदवारीत आहे. पूर्वीच्या काळी लेखापालाच्या हाताखाली शिकण्यासाठी उमेदवारालाच मोठी रक्कम मोजावी लागे. साहजिकच श्रीमंतांच्या मुलांनाच हे दार उघडे होते. ही प्रथा पुढे बंद झाली आणि उलट उमेदवारालाच दरमहा विद्यावेतन देण्याचा नियम आला. रक्कम फार नसे, पण तत्त्व मोठे होते. तालुक्याच्या गावातील किराणा दुकानदाराचा मुलगा आणि मुंबईच्या गिरणीमालकाचा मुलगा एकाच प्रश्नपत्रिकेपुढे बसू लागले. या परीक्षेत आडनाव चालत नाही, वशिला चालत नाही. अनेकांना चार-चार, सहा-सहा वेळा अपयश येते, घरचे लोक कंटाळतात, सोयरीक जुळवणारे मध्यस्थ निकालाची वाट पाहतात. तरीही उत्तीर्ण झालेल्याच्या घरी पेढे वाटले जातात तेव्हा त्या आनंदात सारी गल्ली सहभागी होते. अभ्यासक्रम काळानुरूप बदलत आला आहे. २०२३ च्या नव्या योजनेत उमेदवारीचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. परंतु प्रत्यक्ष वही हाताळल्याशिवाय सी. ए. होता येत नाही, हा मूळ दंडक कायम आहे.

सीमोल्लंघन

देशात पाय रोवतानाच संस्थेची दृष्टी बाहेरही होती. १९५७ मध्ये आशिया-पॅसिफिक भागातील लेखा संस्थांचा जो महासंघ आकारास आला, त्याच्या संस्थापकांत भारतीय संस्था होती. १९७७ मध्ये म्युनिक येथे आंतरराष्ट्रीय लेखापाल महासंघाची स्थापना झाली. तेथेही ती संस्थापक सदस्य होती. त्याच वर्षी संस्थेने लेखा मानके ठरवण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले. एका कंपनीने नफा एका पद्धतीने काढावा आणि दुसरीने दुसऱ्या, तर गुंतवणूकदाराने तुलना कशी करावी? मोजमाप सर्वत्र एक असावे, हा यामागील हेतू. १९८४ मध्ये दक्षिण आशियाई देशांचा लेखापाल महासंघ उभा राहिला, त्यातही भारताने पुढाकार घेतला. २०१६ पासून मोठ्या भारतीय कंपन्यांना आंतरराष्ट्रीय मानकांशी सुसंगत अशी नवी भारतीय लेखा मानके टप्प्याटप्प्याने लागू झाली.

संस्थांचे करार कागदावर होतात, माणसे मात्र पोटासाठी समुद्र ओलांडतात. १९७० च्या दशकात तेलाच्या पैशाने आखाती देशांत बांधकाम, व्यापार आणि बँका यांना बहर आला. तेथे हिशेब जाणणाऱ्या विश्वासू माणसांची निकड होती. भारतीय सनदी लेखापाल तेथे गेले आणि दुबई, अबुधाबी, मस्कत, बहरीन, कुवेत येथील पेढ्यांत वित्तविभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. मुंबई-पुण्याच्या शाखांतून शिकून गेलेली मराठी मुलेही त्यांत होती. परदेशी गेलेले सदस्य एकत्र येऊ लागले आणि संस्थेच्या परदेशी शाखा, ज्यांना ‘चॅप्टर’ म्हणतात, उदयास आल्या. दुबईचा चॅप्टर १९८२ मधील. आज अशा चॅप्टरांची संख्या पन्नासच्या घरात पोहोचली असून आखात, आफ्रिका, युरोप, अमेरिका, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया असा त्यांचा विस्तार आहे. परदेशातील हिशेब तपासणीवर सही करण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असतो. म्हणूनच परस्परमान्यतेचे करार महत्त्वाचे ठरतात.

यांतील एक करार भावनिकदृष्ट्याही मोलाचा आहे. २००८ मध्ये इंग्लंड व वेल्सची संस्था आणि भारतीय संस्था यांच्यात समझोता झाला. त्यानुसार एका संस्थेच्या सदस्याला काही विषयांची सूट मिळून दुसऱ्या संस्थेचे सदस्य होण्याची वाट खुली झाली. पुढे ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, कॅनडा येथील संस्थांशीही करार झाले. ज्या लंडनकडे एके काळी येथील तरुण पात्रतेच्या भिक्षेसाठी पाहत, त्या लंडनने बरोबरीच्या नात्याने हात पुढे केला.

२०२२ च्या नोव्हेंबरात लेखापालांची एकविसावी जागतिक परिषद मुंबईत भरली. १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे पहिली परिषद झाली होती. ११८ वर्षांत भारताला हा मान प्रथमच मिळाला. संस्थेची सदस्यसंख्या आज चार लाखांच्या पुढे गेली असून जगातील सर्वांत मोठ्या लेखा संस्थांत तिची गणना होते.

जागे राहण्याची कसोटी

परंतु बंधू-भगिनींनो, केवळ गौरव सांगून थांबणे हा हिशेबाचा प्रामाणिकपणा नव्हे. जमा बाजू वाचली तर नावे बाजूही वाचली पाहिजे. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रक्कम प्रत्यक्षात नाहीच. ज्या ताळेबंदांवर सह्या होत्या, जे अहवाल हजारो भागधारकांनी विश्वासाने वाचले होते, ते पोकळ निघाले. निवृत्तीचा पैसा भागांत गुंतवलेल्या माणसाने तेव्हा कोणाकडे पाहावे? जागे राहणे हे ज्याचे ब्रीद, त्याचाच डोळा लागला होता.

त्या धक्क्याचे परिणाम दूरवर पोहोचले. २०१३ च्या कंपनी कायद्याने हिशेब तपासनिसांची जबाबदारी कठोर केली आणि मोठ्या कंपन्यांत तपासनीस ठरावीक मुदतीनंतर बदलण्याचा नियम आणला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन केले आणि मोठ्या कंपन्यांच्या तपासनिसांची चौकशी व शिस्त हा विषय त्या प्राधिकरणाकडे गेला. १९४९ मध्ये व्यवसायाला मिळालेल्या स्वयंनियमनाच्या अधिकारातील एक महत्त्वाचा वाटा असा हातून निसटला. संस्थेनेही २०१९ पासून प्रत्येक प्रमाणित दस्तऐवजाला स्वतंत्र ओळख क्रमांक सक्तीचा केला. सी. ए. नसलेल्यांनी खोटे शिक्के मारून प्रमाणपत्रे देण्याचा जो गैरप्रकार चालत असे, त्याला त्यामुळे आळा बसला. बँकेला किंवा सरकारी कचेरीला तो क्रमांक टाकून सही खरी की खोटी, हे काही क्षणांत पडताळता येते.

दोष मात्र केवळ सही करणाऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. “साहेब, एवढे सांभाळून घ्या,” असे म्हणणारा व्यापारी बाजारात असतोच. तपासनिसाने प्रश्न विचारला की त्याला तो अडथळा वाटतो आणि पुढच्या वर्षी तो दुसरा तपासनीस शोधतो. ट्रस्टच्या कारभारातही पावती नसलेला खर्च, तोंडी मंजुरी आणि “घरचेच तर आहेत सगळे” ही वृत्ती अधूनमधून डोकावते. वास्तविक घरचे आहेत म्हणूनच हिशेब अधिक चोख हवा. प्रश्न विचारणारा तपासनीस हा संस्थेचा खरा हितचिंतक होय. त्याने टिपलेली उणीव सभेत वाचून दाखवण्याचे धैर्य ज्या विश्वस्तांकडे असते, त्यांच्या हाती समाज निःशंकपणे दान सोपवतो.

म्हणून पुढील वार्षिक सभेत हिशेब मंजुरीला येतील तेव्हा टाळ्या वाजवण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने तपासनिसाचा अहवाल एकदा पूर्ण वाचावा. त्यात काही शेरा असल्यास त्याचा खुलासा विचारावा, आणि विश्वस्तांनी तो आनंदाने द्यावा. शंभर-सव्वाशे वर्षांच्या खटाटोपातून त्या सहीला मोल आले आहे. ते मोल टिकवण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर जितकी आहे, तितकीच ती वाचणाऱ्यावरही आहे.